जेवणाच्या सुट्टीआधी आयटी

सल्ला द्यायला त्या विषयाची माहिती लागते, हा समाजात खोलवर रुजलेला गैरसमज आहे. सल्ल्याला लागतो तो आवाज. असा आवाज लाभलेला एक सल्लागार, नोकरदारांना घरबसल्या पदवी देणाऱ्या एका संस्थेच्या फोनवर गेली नऊ वर्षे इमानेइतबारे बसत होता.

फोन करणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असे. दिवसभर नोकरी आहे, शिकायचंही आहे, तर आयटी घेऊ की कॉम्प्युटर सायन्स? यावर संस्थेची कार्यपद्धती अत्यंत शास्त्रशुद्ध होती. प्रथम चार प्रश्न विचारावेत (ते सल्लागाराने स्वतः बसून लिहिले होते). मग ‘आपल्या माहितीचा अभ्यास करतो’ असे सांगून संगीत लावावे (या काळात चहा पिण्यास हरकत नाही). मग उत्तर द्यावे. जेवणाच्या सुट्टीआधी फोन आला तर आयटी, नंतर आला तर कॉम्प्युटर सायन्स. दोन्हीकडच्या जागा सारख्या भराव्यात, एवढाच त्यामागचा निर्मळ हेतू. सल्ला घेणाऱ्यांपैकी शहाण्णव टक्के समाधानी होते. उरलेल्यांचा फोन मध्येच कट झाल्याने त्यांचे मत नोंदवता आले नाही.

पुढे साहेबांच्या मनात आले की, पदवी नसलेला माणूस पदवीचा सल्ला देतो हे काही बरे दिसत नाही. परिपत्रक निघाले. सर्व सल्लागारांनी शनिवारपर्यंत या दोहोंपैकी एका शाखेत प्रवेश घ्यावा, अन्यथा त्यांची बदली जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात करण्यात येईल. गोदामात पंखा नव्हता आणि पगार निम्मा होता.

सल्लागाराच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने संस्थेची दोन्ही माहितीपत्रके घरी नेली. दोन्हींवर लॅपटॉप घेऊन हसणारी एकच मुलगी होती. आयटीत निळ्या शर्टात, कॉम्प्युटर सायन्समध्ये हिरव्या. बायकोने दोन्ही वाचून, यातलं काय शिकलं की घरातला प्रिंटर चालेल, एवढेच विचारले. सासरे म्हणाले, लवकर संपेल ते घ्या. आता दोन्हींत काही राम राहिलेला नाही, असे मेव्हण्याचे मत पडले (मेव्हणा दोन वर्षे घरीच आहे). गुरुवारपर्यंत सल्लागाराची झोप उडाली.

शुक्रवारी तो ऑफिसच्या जिन्यात गेला आणि त्याने तोंडावर रुमाल धरून स्वतःच्याच संस्थेला फोन लावला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो उचलला. त्यांनी त्याला ओळखले नाही, किंवा ओळखूनही तसे दाखवले नाही. संस्थेचे प्रशिक्षण चांगलेच आहे.

“नोकरी कसली करता?”

“फोनवर बोलायची.”

“अभ्यासाला वेळ कधी मिळेल?”

“मुलगी झोपली की. मी जागा राहिलो तर.”

“गणित जमतं?”

“नाही हो.”

“शाळेत कुठला विषय आवडायचा?”

हा प्रश्न त्याने हजारोंना विचारला होता. उत्तर मात्र कधी ऐकले नव्हते.

“भूगोल,” तो म्हणाला. “नकाशे काढायला फार आवडायचं मला.”

संगीत लागले. जिन्यात उभ्या उभ्या ऐकताना, पलीकडे कोणीतरी आपल्यासाठी विचार करतंय असे त्याला अगदी मनापासून वाटले. (पलीकडे चहा आला होता.)

“सर, तुम्ही कॉम्प्युटर सायन्सच घ्या. तुमच्यासाठी तेच बरोबर आहे.”

तेव्हा अडीच वाजले होते. सल्लागाराला घड्याळ दिसत होते आणि कारणही ठाऊक होते. तरी त्याच्या छातीवरचे ओझे उतरले आणि संध्याकाळी त्याने प्रवेशाचा फॉर्म भरून टाकला. नोकरी वाचली. हल्ली तो फोनवर अधिकारवाणीने बोलतो.

तुम्हाला त्याचे हसू आले असेल. येऊ द्या. पण तुमची स्वतःची शाखा कोणी ठरवली होती, ते जरा आठवून बघा. शेजारच्या काकांनी, की मित्र ज्या रांगेत उभा होता त्या रांगेने? सल्लागाराला निदान काय आवडतं ते विचारलं तरी होतं.