पुसून ठेवलेली झाडं

सर दुकानात शिरले की चष्मेवाला अजूनही उठून उभा राहायचा. सरांचा जावई होऊन इतकी वर्षं झाली, डोक्यावरचे केस मागे सरकले, तरी पाय काही ऐकत नसत. शाळेत सरांनी त्याला जीवशास्त्र शिकवलं होतं, तेही मागच्या बाकावरून उठवून उठवून, त्यामुळे ती सवय थेट गुडघ्यात जाऊन बसली होती.

त्या रविवारी सकाळी सर आले ते भलं मोठं खोकं घेऊन. खोक्यातून तीन कुंड्या निघाल्या.

"ते शोकेस रिकामं कर," सर म्हणाले.

"सर, त्यात नवीन फ्रेमा आहेत."

"फ्रेमा माशा खातात का?"

"नाही सर."

"मग काढ."

फ्रेमा निघाल्या आणि कुंड्या बसल्या. एका कुंडीत ड्रॉसेरा. तिच्या पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुसरीत घटपर्णी, तिला झाकणासकट इवले इवले घडे लटकलेले. तिसरीत व्हीनसचा सापळा. त्याच्या प्रत्येक पानाच्या टोकाला उघडा जबडा आणि जबड्याच्या कडेला दात.

सरांनी आयुष्यभर हा कीटकभक्षी झाडांचा धडा शिकवला होता. फळ्यावर खडूने घटपर्णी काढायची, बाण मारायचे, नावं द्यायची. आणि दरवर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "सर, तुम्ही स्वतः बघितलंय?" सर पडले खरं बोलणारे. ते "नाही" म्हणायचे आणि अख्खा वर्ग खिदळायचा. ते हसणं सरांच्या मनाला फार लागलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हट्टाने ही झाडं मिळवली, जिवापाड वाढवली. पण सासूबाईंनी घराच्या प्रत्येक खिडकीला जाळी ठोकलेली. घरात माशी शिरणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. त्यामुळे झाडं उपाशी आणि सरही उपाशी. एकदा, फक्त एकदा, तो जबडा मिटताना या डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

"दुकानाचं दार रस्त्यावर उघडतं. इथे माशा येणार," सर म्हणाले. "अकरा वाजता जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलंय. तोवर मी शर्ट बदलून येतो. कशाला हात लावू नकोस."

चष्मेवाल्याने हात लावलाच नसता. पण तो चष्मेवाला होता. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्याचा हात फडक्याकडे जायचा. समोरचा माणूस आपलं दुःख सांगत असला तरी याचं लक्ष त्याच्या चष्म्यावरच्या डागाकडे. आणि आता त्याच्या लख्ख शोकेसमध्ये ती चिकचिकीत पानं! त्याने तोंड फिरवलं. पुन्हा बघितलं. मग मऊ फडकं काढलं, थोडा फवारा मारला आणि ड्रॉसेराचं एकेक पान अलगद पुसून काढलं.

घटपर्णीच्या घड्यांत गढूळ पाणी होतं, त्यात कधीकाळची एक मेलेली मुंगी. "शी! चार लोक येणार आणि हे असं?" असं पुटपुटत त्याने कुंडी बेसिनवर आडवी केली, घडे रिकामे केले, विसळले, आतून कोरडे केले. मग सापळा. जबड्यात धूळ असेल म्हणून त्याने फडक्याचं टोक आत फिरवलं, आणि जबडा पटकन मिटला. फडकं ओढून काढलं, दुसरा जबडा पुसायला घेतला. तोही मिटला. हट्टाला पेटून त्याने सगळे पुसले आणि सगळे मिटले.

तेवढ्यात मागच्या घरातून बायको आली. तिने शोकेसकडे बघितलं, मग नवऱ्याच्या हातातल्या फडक्याकडे.

"अहो, हे काय केलंत?"

"साफ केलं."

"कप्पाळ माझं! तो चिकटपणा म्हणजे त्या झाडाचे हात होते. आणि ते पाणी म्हणजे पोट!"

"मग मी..."

"हात पुसलेत, पोट धुतलंत आणि तोंड बंद केलंत. बाबांना काय सांगणार आहात?"

चष्मेवाल्याने फडकं पाठीमागे लपवलं. बायकोला त्याची दया आली. तिने साखरेचा घट्ट पाक केला आणि डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने ड्रॉसेराच्या केसांवर थेंब ठेवायला घेतले. काम झकास झालं. खरे थेंब इतके चमकत नव्हते. मिटलेला सापळा तिने घटपर्णीच्या मागे सरकवला.

अकराला दुकान भरलं. शाळेतली पोरं आता पोटं सुटलेली माणसं झाली होती, पण सर आत आले तशी सगळी उभी राहिली. खरं तर बसायला जागाही नव्हती. सर्वांच्या माना शोकेसमध्ये. "कुठून खातं?" "चावतं का?" "हाडं बाहेर टाकतं का हो सर?" अशी नुसती झुंबड. अडचण एकच. दुकानात औषधालाही माशी नव्हती. चष्मेवाल्याने दार, उंबरा, फुटपाथसुद्धा पुसून ठेवला होता.

सर शेजारच्या बेकरीवाल्याकडे वळले. तोही त्यांचाच विद्यार्थी. "तुझ्याकडे माशा असतील ना?"

"माझ्याकडे? सर, काय बोलताय! गिऱ्हाइकांसमोर?" बेकरीवाला भडकला. मग सरांच्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "किती आणू?"

त्याने बरणीतून दोन आणल्या आणि उघड्या शोकेसमध्ये सोडल्या. त्यातली एक ड्रॉसेराच्या पानावर उतरली. सर नाक काचेला टेकवून उभे होते.

माशीने एक थेंब चाखला. मग दुसरा. मग पाय एकमेकांवर चोळले आणि तिसऱ्याकडे वळली. दुसरीही येऊन बसली. दारातून आणखी चार आल्या, आणि पानावर पंगत बसली.

"सर," मागून कुणीतरी विचारलं, "यात कोण कुणाला खातंय?"

वर्ग पुन्हा खिदळला. चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले. पण सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी शोकेसमध्ये हात घातला, एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"गोड!" सर ओरडले. "अरे, हा थेंब गोड आहे! आणि माशी चिकटत नाही! हे कुठल्याही पुस्तकात नाही! ही नवी जात असणार. मी उद्याच विद्यापीठात कळवतो!"

माणसं टाळ्या वाजवू लागली. सरांचा चेहरा असा फुलला होता की चष्मेवाल्याला भडभडून आलं. उद्या विद्यापीठातली माणसं येणार, पाक चाटणार आणि सरांना हसणार. आजवर वर्ग हसला, आता प्राध्यापक हसतील. ते त्याला सहन होईना. तो उठून उभा राहिला. उभाच होता, पण आणखी ताठ झाला.

"सर, तो साखरेचा पाक आहे. मी झाडं पुसली."

"पुसली? कशाने?"

"चष्म्याच्या फडक्याने."

"आणि सापळा?"

"तोही. सगळे जबडे मिटले, सर."

सर ओरडतील म्हणून सगळे मागे सरले. पण सर पुढे आले, जावयाचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "कसे मिटले? सांग ना! एकदम? आवाज आला? फडकं धरलं तेव्हा ओढ जाणवली?"

"हो सर. चिमटा बसावा तशी."

"म्हणजे तू बघितलंस," सर हळूच म्हणाले. "तूही बघितलंस. फक्त मीच राहिलो." आणि ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता मात्र कुणी हसलं नाही.

बायको शोकेसमध्ये वाकून पानं वरखाली करत होती. "बाबा, इकडे या बघू. मोठ्या पानाखाली सापळ्याचं एक पान दडलंय. यांच्या फडक्यातून सुटलंय. ते उघडं आहे!"

सर धावले. माशांना त्या जबड्याशी नेण्याचे खूप प्रयत्न झाले. बेकरीवाल्याने वर्तमानपत्राने वारा घातला, कुणी फुंकर मारली. पण माशा पाक पिऊन सुस्तावल्या होत्या, हलायला तयार नव्हत्या. शेवटी सरांनी बाही वर केली.

"आतल्या केसाला दोनदा धक्का लागला की मिटतं," ते म्हणाले. करंगळीचं टोक त्यांनी जबड्यात सरकवलं. "एक." सगळे पुढे वाकले. "दोन."

जबडा मिटला. इवले दात सरांच्या करंगळीवर एकमेकांत गुंतले.

"धरलं!" सर लहान पोरासारखे किंचाळले. "मला धरलं रे!"

दुकान दणाणून गेलं. बेकरीवाल्याने चष्मेवाल्याला मिठी मारली. जावयाने लगबगीने चिमटा आणला. "सर, थांबा, सोडवतो."

"खबरदार! हात मागे. अजून बरंच बघायचंय."

सरांनी स्टूल शोकेसशी ओढून घेतलं आणि करंगळी तशीच ठेवून ते बसून राहिले. रस्त्यावरून जाणारे थांबू लागले. काचेबाहेर ही गर्दी! आत तीन कुंड्या आणि एक सर. दुपार झाली तशी बायकोने वाजणारा फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे सासूबाई होत्या.

"अहो, आहात कुठे? जेवायला येताय ना?"

"तू जेवून घे गं," सर आनंदाने म्हणाले. "मी नाही येऊ शकत. इथे मलाच खाल्लं जातंय."