रस्सीखेचीच्या कपाचे वाटे

काशीरामने एका रविवारी शोकेस पुसायला घेतलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

पुसण्याचं कारण स्वच्छता हे नव्हतं. दापोलीतल्या ज्या कार्यालयात तो आवक-जावक सांभाळत असे, तिथे त्याला 'उत्कृष्ट कर्मचारी' असं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते त्याने फ्रेम करून आणलं होतं आणि त्याला दर्शनी जागा हवी होती. (त्या दिवशी कार्यालयात सतरा प्रमाणपत्रं वाटली गेली आणि कार्यालयात माणसंही सतराच आहेत, हा तपशील त्याने घरी सांगितला नव्हता.)

जागा अडवून बसली होती दिशाची मेडलं. दिशा ही त्याची अकरा वर्षांची लेक. बुरोंडीच्या त्यांच्या वाडीत माघी गणपतीला मुलांच्या स्पर्धा होतात. दिशा पहिलीत असल्यापासून त्यात धावत होती आणि पहिलीत असल्यापासून शेवटची येत होती. पण शेवटी येणाऱ्यालाही मेडल द्यायची वाडीची पद्धत. अशी तिची पाच मेडलं झाली होती, पाचांवर 'सहभागी' असं लिहिलेलं. काशीरामने ती उचलून खालच्या खणात, बंद पडलेल्या चार्जरांच्या सोबतीला ठेवली.

दिशाने विचारलं, माझी मेडलं कुठे गेली? "खणात आहेत" एवढ्यावर भागलं असतं. पण काशीरामला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, मार्गदर्शन करतो. मेडल हे मिळवायचं असतं, नुसतं हजर राहून घ्यायचं नसतं, असं तो म्हणाला. उशिरा का होईना पोचल्याबद्दल मेडल द्यायचं, तर मग आपल्या दापोलीच्या एस.टी.लाही रोज एक द्यावं लागेल, असंही म्हणाला आणि स्वतःच हसला.

दिशा हसली नाही. तिने पाचही मेडलं खणातून काढली, दप्तरात टाकली आणि त्या क्षणापासून बापाशी बोलणं बंद केलं.

हे त्याच दिवशी निस्तरता आलं असतं. पण संध्याकाळी वाडीच्या मंडळाची सभा होती आणि काशीराम नुकताच क्रीडा समितीचा अध्यक्ष झाला होता. (मागच्या सभेला तो एकटाच गैरहजर होता, त्यामुळे निवड एकमताने झाली.) सकाळी लेकीला केलेलं मार्गदर्शन त्याला इतकं आवडलं होतं की सभेत त्याने ते पुन्हा, सविस्तर केलं. यंदापासून सहभागाची मेडलं बंद. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मुंबई मंडळाने एक मोठा कप पाठवावा. जो जिंकेल तो नेईल, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

मुंबई मंडळाला ही कल्पना फार आवडली, कारण त्यांना मुंबईत बसून फक्त आवडून घ्यायचं होतं. त्यांचा चिटणीस हर्षद आठवड्याभरात कप घेऊन हजर झाला. दोन कानांचा, चकचकीत, वर झाकण. वाडीतली सगळ्यांत वयस्कर बाई म्हणजे हौसाकाकी. तिने झाकण उघडून आत हात घातला आणि शेरभर तांदूळ सहज मावतील, असा अभिप्राय दिला.

या हौसाकाकीचं वाडीत एक मोठं काम होतं. किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, म्हणजे रापण, लागली की मासळीचे वाटे तीच करायची. रापणीला नियम एकच. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर, दोन्ही बाजूंनी माणसांनी जमिनीकडे ओढायचे आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा.

"अरे काशा," ती म्हणाली, "कोणी किती जोर लावला ता काय आमी मोजत नाय. हात लावलान ना, झाला."

"काकी, ती मासळी. हा खेळ आहे," काशीराम म्हणाला.

घरी मात्र त्याचा खेळ चालेना. दिशा जे काय बोलायची ते आईमार्फत. बाप समोर ताट घेऊन बसलेला असताना ती म्हणायची, "आई, बाबांना सांग, पंखा बारीक करा." काशीराम पंखा बारीक करायचा आणि म्हणायचा, "आई, दिशाला सांग, केला." ही आई, म्हणजे गुणवंती, दिवसभर बाजारात मासळी विकून दमून आलेली असायची. मी काय टपाल कचेरी उघडलीय का, असं तिने तिसऱ्या दिवशी विचारलं. चौथ्या दिवशी काशीरामने लेकीला आईस्क्रीम आणलं. तिने ते खाल्लं, पण न बोलता. स्पर्धेला तिने नावच दिलं नाही. काशीरामला वाईट वाटत होतं, खरं सांगायचं तर फारच वाईट वाटत होतं. दापोलीहून घरी आलं की दिवसभराचं ऐकवायला त्याच्याकडे तेच एक माणूस होतं. पण अध्यक्षाने सभेत बोललेले शब्द घरी येऊन गिळायचे कसे, हे त्याला सुचत नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी त्याने नावांची यादी दोनदा मोजली. दर वर्षी साठ मुलं असायची. यंदा सोळा. आपण काही जिंकत नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी नाव दिलं नव्हतं आणि ती सगळी आयांबरोबर चिवडा खात वाळूत बसली होती. टाळ्या वाजवायला आलोय, असं म्हणत होती. धावण्याला दोनच नावं आली, म्हणून धावणं रद्द करावं लागलं. उरली रस्सीखेच. आठ विरुद्ध आठ, जिंकतील त्यांना कप.

रस्सी आणायची राहिली होती. (ते काम अध्यक्षांकडे होतं.) पण सकाळीच रापण लागून गेली होती. तारलीची, म्हणजे छोट्या मासळीची, एक भरली टोपली हौसाकाकीने पोरांना खाऊ म्हणून बाजूला झाकून ठेवली होती आणि दोर तिथेच वाळूत पडलेला होता. काशीरामने तोच उचलला. पाण्याच्या कडेकडेने तो आडवा मांडला, मधोमध लाल रुमाल बांधला आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ पोरं उभी केली.

मग त्याला भाषण सुचलं. तो दोराच्या मध्यावर, दोराकडे आणि समुद्राकडे पाठ करून, वाडीकडे तोंड करून उभा राहिला. जीवनात मिळवावं लागतं, आयतं काही किनाऱ्याला येत नाही, असं तो म्हणाला. हर्षद मोबाईलवर शूटिंग करत होता, ते थेट मुंबई मंडळाच्या ग्रुपवर जायचं होतं. म्हणून शिट्टीही काशीरामने कॅमेऱ्याकडे बघतच वाजवली.

हौसाकाकीला राहवलं नाही. हातात दोर घेतलेली पोरं आणि मागे समुद्र बघितला की तिच्या तोंडून जे आयुष्यभर निघालं तेच निघालं.

"होऽऽ ओढा रंऽऽ!"

त्या आवाजावर या वाडीतली पोरं चालायला शिकण्याआधी दोर धरायला शिकतात. सोळाच्या सोळा पोरं एकदम वळली आणि एकमेकांविरुद्ध ओढायचं सोडून दोन्हीकडून जमिनीकडे ओढू लागली. मध्ये दोराला झोळ पडला. तो झोळ मागून येऊन काशीरामच्या कमरेत बसला आणि अध्यक्ष, शिट्टी तोंडात तशीच धरून, खाली बसले.

बसले ते थांबले नाहीत. तो वाळूवरून सरकत वर येऊ लागला. ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडायच्या ऐवजी फुंकलं आणि शिट्टी जोरात वाजली. पोरांना वाटलं अध्यक्ष जोर लावायला सांगताहेत. चिवडा खाणाऱ्यांनी हे बघितलं आणि त्यांच्यातून पहिली उठली ती दिशा. धावण्यात शेवटची येणारी ही पोर दर रापणीला आईच्या पुढे दोर धरते. तिने पाय वाळूत रोवले आणि असा काही झटका दिला की काशीरामचा एक बूट मागेच राहिला. तिच्या मागोमाग उरलेली सगळी पोरं दोराला लागली. दोन्ही बाजू रापणीसारख्या जवळजवळ आल्या आणि काशीराम थेट कपाच्या टेबलापाशी येऊन लागला.

हर्षदने शूटिंग थांबवलं नव्हतं. ग्रुपवर मुंबईतून 'लाईक'च्या अंगठ्यांचा पाऊस पडत होता.

काशीरामने तोंडातली वाळू थुंकली आणि अध्यक्ष म्हणून निकाल द्यायला तो उठला. लाल रुमाल डावीकडे गेला नव्हता की उजवीकडे. तो त्याच्याच पाठीमागे, पँटच्या पट्ट्यात अडकला होता. कोण जिंकलं ते त्याला सांगता येईना.

"जिंकायचा काय त्यात," हौसाकाकी म्हणाली. "रापण लागली. आता वाटे."

एक कप साठ जणांत वाटायचा कसा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिने झाकण काढून बाजूला ठेवलं, कप तारलीच्या टोपलीत बुडवला आणि पहिल्या पोराच्या ओंजळीत उपडा केला. सगळ्यांना सारखं माप. मुंबई मंडळाच्या त्या कपावर कोरलेली 'विजेता' ही अक्षरं खवल्यांनी झाकून गेली. पोरांनी आपोआप रांग लावली. दिशाला तिचा कपभर वाटा मिळाला तेव्हा ती हसली. नऊ दिवसांनी लेक हसताना बघून काशीरामला इतकं बरं वाटलं की कंबर दुखते आहे हेही तो विसरला. चूक आपलीच होती, हे त्याने मनात कबूल केलं. मेडलं शोकेसमध्ये परत जाणार आणि सतरातलं ते एक प्रमाणपत्र चार्जरांजवळ, हेही ठरवून टाकलं.

त्या भरात तोही रुमाल पसरून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. सहभाग तर त्याचाही होता, आणि दोराला हात नसला तरी कंबर लागली होतीच.

दिशा त्याच्यापाशी आली. त्याच्या केसांतली वाळू तिने झटकली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली.

"बाबा, रांगेत नका उभे राहू," ती हळूच म्हणाली. "मासळीला वाटा नसतो."