प्रमिलाताईंची पाच बोटं

आमच्या मोशीच्या बिल्डिंगमध्ये प्रमिलाताईंनी डावा हात वर केला की माणसं जिना बदलतात. कारण हात वर झाला की पहिलं बोट मिटतं आणि प्रश्न येतो, "का?" उत्तर दिलं की दुसरं बोट, पुन्हा "का?" मूठ पूर्ण मिटेपर्यंत सुटका नाही.

प्रमिलाताई चाकणच्या एका कंपनीत मोटारीच्या दारांचे लॅच तपासायच्या. दार लावलं की आतून पकडून ठेवतो तो आकडा म्हणजे लॅच. एखादा खराब निघाला तर तो नुसता फेकायचा नाही, का बिघडला ते पाच वेळा विचारायचं, म्हणजे खरं कारण सापडतं, अशी तिथली पद्धत. कंपनीत त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. ताई निवृत्त झाल्या, पण पद्धत घरी घेऊन आल्या.

मी पोळ्यांचे डबे करते. एकदा पोळ्या कडक झाल्या. ताईंनी हात वर केला. पोळी कडक का? कणीक नीट मळली नाही. का? घाई होती. का? उठायला उशीर. का? झोप झाली नाही. का? आमचे हे घोरतात. मूठ मिटली. ताई सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि यांना म्हणाल्या, "भाऊ, पोळीचं मूळ कारण तुम्ही आहात. कुशीवर झोपत जा."

तसे हे खरंच कुशीवर झोपायला लागले.

गेल्या वर्षी ताईंचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटायचं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. ताई मला सोबत घेऊन गेल्या. "तपासणीला साक्षीदार लागतो. एकटीच्या सहीवर माल पुढे जात नाही," म्हणाल्या. मी चौथी शिकलेली, त्यात अनोळखी माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. पण साक्षीदाराला बोलावं लागत नसेल, असं समजून गेले.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अंडाशयाचा कॅन्सर आहे. पोटात पसरलाय, म्हणून पाणी झालंय."

ताईंनी हात वर केला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"का पसरला?"

बाईंनी आधी घड्याळाकडे, मग ताईंच्या बोटांकडे पाहिलं. खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर गोल गोल पेशी काढल्या. "पेशींच्या अंगावर प्रथिनांचे बारीक आकडे असतात. त्या आकड्यांनी पेशी शेजारणीला धरून राहते. कॅन्सरच्या पेशीत ते आकडे बनवायचा हुकूम कमी होतो. पकड सुटते, पेशी पोटातल्या पाण्यात पडते."

"म्हणजे लॅच फेल," ताई म्हणाल्या. दुसरं बोट मिटलं. "मग ती पाण्यात का मरत नाही?"

"चांगली पेशी मरते. शेजार सुटला की तिला आतूनच निरोप येतो, आता स्वतःला संपव. ह्या तो निरोप ऐकत नाहीत. दहा-वीस जणी एकमेकींना चिकटतात, त्यांचा गोळा होतो आणि तो तरंगत राहतो. गोळ्याच्या आतल्यांपर्यंत औषधही नीट पोचत नाही."

"पण मग तरंगायचं सोडून कुठेतरी का बसतात?"

"आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. तिथल्या पेशींवर यांना धरता येतील असे आकडे असतात. तिथे चिकटतात, कात्रीसारखं काम करणारी प्रथिनं सोडून वाट कापतात आणि आत शिरतात."

"तिथेच का?"

"खायला मिळतं. चरबीच्या पेशींना त्या आपलं तेल सोडायला लावतात आणि त्यावर वाढतात."

पाचवं बोट उरलं होतं. आता विचारतील, माझ्याच पोटात का? पण ताईंनी विचारलं, "मग तो पदर अजून आत का ठेवलाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "काढणार आहोत. आधी तीन केमो, मग ऑपरेशन. अंडाशय, गर्भाशय आणि तो पदर, सगळं. ऑपरेशन मात्र वेळेवर व्हायला हवं."

"टार्गेट डेट द्या," ताई म्हणाल्या आणि मूठ मिटली.

केमोला त्या पर्समध्ये जुना लॅच घेऊन जायच्या. वॉर्डातल्या बायकांसमोर टक् करून बंद करायच्या, मग उघडून म्हणायच्या, "आपल्या पोटात हे असं झालंय." एकदा माझ्याकडून भिजवलेला साबुदाणाही नेला, पेशी चिकटून गोळे कसे होतात ते दाखवायला. खेडकडच्या एक आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "बाय, तुला येवढं ठावं हाय, तर मंग तुझ्याच पोटात कसं झालं गं?"

"ते काम चालू आहे, आजी."

"नशीब, दुसरं काय!"

"नशीब कारण म्हणून लिहिता येत नाही. कंपनीत साहेब असा फॉर्म परत पाठवायचा."

केस गेले, नखं काळी पडली, पण ताई एकही तारीख चुकल्या नाहीत. पोटातलं पाणी कमी झालं. ऑपरेशनची तारीख ठरली.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे लसूण सोलायला बसल्या. रोजच बसायच्या. एकदम म्हणाल्या, "सुनंदा, ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलते."

मी लाटणं खाली ठेवलं. मी जन्मात कोणाला उलट प्रश्न केलेला नाही. बसमध्ये स्टॉप निघून गेला तरी पुढच्या स्टॉपला उतरून चालत येते. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला तो चरबीचा पदर माझ्या डोळ्यांसमोर आला. पिठाचा हात वर केला.

"का?"

ताईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "घराला रंग द्यायचाय."

"का?"

"घर नीट दिसावं म्हणून."

"का?"

"कोणी आलं-गेलं तर."

"कोण येणार आहे? कोणी नसेल तर रंगाची घाई का?"

ताई लसणाची पाकळी नुसतीच फिरवत राहिल्या. आई वारल्यापासून त्या एकट्याच. माझं एक बोट उरलं होतं.

"ताई, का?"

"भेव वाटायलंय गं." लातूर सोडून तीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडून तिथलीच बोली आली. "ऑपरेशनचं नाही. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी बघितलंय. ते दार उघडतं, सिस्टर विचारते, पेशंटचे नातेवाईक कोण? लगेच कोणीतरी उठतं. माझ्या वेळेला सिस्टर दोनदा विचारेल आणि दार लावून घेईल."

मी मूठ मिटली. लसणाचं ताट त्यांच्यापुढून उचललं आणि डब्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावला. चार दिवस डबा बंद.

ऑपरेशनच्या सकाळी ताई स्ट्रेचरवर होत्या. मला फॉर्म दिला. सोबतच्या माणसाचं नाव, पेशंटशी नातं. मी सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं. नात्याच्या जागी लिहिलं, शेजारीण.

सिस्टरने वाचलं. "मावशी, हे नातं नाही. बहीण, भावजय, काहीतरी लिहा. शेजारीण चालत नाही."

बाकावरची सगळी माणसं बघत होती. माझे कान गरम झाले. पण पाय हलले नाहीत.

"का?" मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

तेवढ्यात मागच्या स्ट्रेचरवरून सलाइन लावलेला डावा हात वर आला. त्यातलं एक बोट मिटलेलं होतं.

"सिस्टर, उत्तर देऊन टाका," ताई म्हणाल्या. "तिचे अजून चार बाकी आहेत."