पुरेकाकूंचा सत्कार

भांगात एक पांढरा केस दिसला. तो उपटून मी गप्प बसायला हवं होतं. मी त्यावर वाचत बसले. पेशींनी कुठे थांबायचं हे ठरवणारी जनुकं असतात, असं कळलं, आणि पहाटेपर्यंत टक्क जागी राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीला, मैथूला वरणभात भरवताना जी गोष्ट सुचली, ती ही. मुलांनो, तुम्हीही ऐका.

एका जंगलात एक हत्तीण होती, आणि हत्तिणीच्या कानात एक गाव होतं. गावात पेशी राहायच्या. आपण हत्तिणीत राहतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रत्येक पेशीच्या मनगटाला गाठी मारलेला दोरा असे. एकीच्या दोघी झाल्या की पुरेकाकू कात्री घेऊन यायच्या आणि दोघींच्या दोऱ्यातली एकेक गाठ कापायच्या. गाठी संपल्या की म्हणायच्या, "पुरे हो बाई. आता पारावर बसा."

पारावर बसलं की सुरकुत्या पडायच्या. त्यामुळे पुरेकाकू कुणालाच आवडत नसत.

चकाकीताई नावाच्या पेशीची एकच गाठ उरली, तेव्हा ती म्हणाली, "सगळ्या गावाचं म्हातारपण त्या बाईच्या कात्रीत आहे. घालवा तिला."

"घालवायचं कसं? वाईट दिसतं," सरपंचबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा सत्कार करू."

मुलांनो, ही फार जुनी रीत आहे. शाल आली, श्रीफळ आलं. काकूंचं कार्य अनमोल आहे, असं सात जणींनी सांगितलं. आठवीनं कात्री काढून घेतली.

"अहो, पण..." काकू म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या.

मग चकाकीताईच्या दोन चकाकीताई झाल्या. दोनाच्या चार, चाराच्या आठ. एकीलाही सुरकुती नाही. गावानं कौतुक केलं. कानावर आवळ्याएवढी गाठ आली. तिचा पेरू झाला, पेरूचा भोपळा झाला. चकाकीतायांनी पार व्यापला, वाट व्यापली, शेजारणींचं पाणी पळवलं.

कान जड झाला. हत्तीण त्या कानानं पिल्लावरच्या माश्या उडवायची. आता कान हलेना. पिल्लू माश्यांनी बेजार झालं, आणि एक दिवस हत्तीण खाली बसली ती उठेचना.

"अगं, हा कानच गेला तर आपण राहायचं कुठे?" सरपंचबाईंनी विचारलं.

"कान कशाला हवा?" चकाकीताई म्हणाली. "आपण आहोत ना."

इथे माझा घास हातातच राहिला. पुढे हत्तीण मरते, हे मला माहीत होतं. समोर मैथू तोंड उघडं टाकून बसली होती. मी खोटं बोलायच्या तयारीत होते, तेवढ्यात वाचलेलं आठवलं. हत्तीत 'पुरे' म्हणणाऱ्या जनुकाच्या चांगल्या वीसेक प्रती असतात. मला एवढंच हवं होतं. हत्तिणीत अशा वीस पुरेकाकू होत्या, असं मैथूला सांगितलं आणि लगेच शेजारच्या गल्लीतल्या पुरेकाकू आल्या. त्यांचा सत्कार करायचा राहून गेला होता, म्हणून कात्री त्यांच्याकडेच होती. त्या म्हणाल्या, "पुरे." भोपळ्याचा पेरू झाला, पेरूचा आवळा. कान हलला. पिल्लावरच्या माश्या उडाल्या.

"माणसांत किती काकू असतात?" मैथूनं विचारलं.

"एकच जोडी," मी म्हणून गेले. झोप याच ओळीवर उडाली होती, हे तिला सांगितलं नाही. घाईघाईनं तात्पर्यावर आले.

तात्पर्य: म्हातारपण नको असेल, तर 'पुरे' म्हणणाऱ्याचा जाहीर सत्कार करावा. म्हातारपण येण्याइतके दिवस मग उरतच नाहीत.

मैथूला यातलं काही कळलं नाही, तेच बरं झालं.

"आता एकच घास," मी म्हणाले. मघापासूनचा हा सातवा एकच घास होता.

तिनं ताटलीवर हात आडवा धरला.

"पुरे," ती म्हणाली. "आता तू जेव. गोष्ट मी सांगते."