मागून हाक आली, 'चल!'

"एकेचाळीस वर्षांच्या संसारात आणि चव्वेचाळीस हजार मैलांच्या प्रवासात मी माझ्या बायकोला एकदाही मागे सोडलेलं नाही!"

विल्फ्रेड पिकर्सगिलने आरशासमोर छाती फुगवून हे वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं आणि टाळ्यांसाठी थोडी जागा सोडली. त्या जागेत टाळ्या आल्या नाहीत. दार बडवल्याचा आवाज आला.

"विल्फ! अरे, दुधाच्या बाटल्या घ्यायला बाहेर आले तर आतून कडी लावलीस! वीस मिनिटं गाऊनवर उभी आहे मी! पोस्टमननं दोनदा विचारलं, घर बदललं का म्हणून!"

विल्फने धावत जाऊन कडी काढली. धावत म्हणजे तिरकं. कारण पिकर्सगिलांच्या पॅसेजमध्ये त्यांची टँडेम राहायची. एकापुढे एक बसून दोघांनी चालवायची ती आठ फुटी सायकल कुठल्याच शेडमध्ये मावत नव्हती. त्यामुळे या घरात पाहुणेसुद्धा खेकड्यासारखे आडवे चालत आत येत. दर रविवारी विल्फ तिच्या साखळ्यांना तेल घाली आणि हाती लागेल त्या कापडाने तिला पुसून काढी. त्याच्या बायकोच्या, एनिडच्या, उशीचे अभ्रे एकेक करून कुठे गेले, याचा उलगडा तिला लग्नानंतर अकरा वर्षांनी झाला होता.

आज थॉर्नसाइड गावात टँडेम मंडळाचा वार्षिक चहा होता आणि 'कधीही साथ न सोडणारी जोडी' म्हणून पिकर्सगिल पति-पत्नींना चांदीचा चषक मिळणार होता. आरशासमोरचं भाषण त्यासाठीच.

"चषक घ्यायला येते मी," एनिड दुधाच्या बाटल्या ओट्यावर आपटत म्हणाली. "पण एक नीट ऐकून ठेव. हँडल तुझ्याकडे, ब्रेक तुझ्याकडे, नकाशा तुझ्याकडे. माझ्या वाट्याला दोन पेडल आणि तुझी पाठ. एकेचाळीस वर्षं मी त्या पाठीशी बोलतेय, पाठीला कान नाहीत! आज एकदा, फक्त एकदा जरी पहिल्या हाकेला ऐकलं नाहीस, तर चहा संपायच्या आत ही सायकल सिरिलला देऊन टाकीन!"

सिरिल म्हणजे मंडळाचा चिटणीस. त्याचं नवीनच लग्न झालं होतं आणि गेली दोन वर्षं तो या टँडेमकडे, दुसऱ्याच्या ताटातल्या केकच्या शेवटच्या तुकड्याकडे बघावं तसा बघत होता. विल्फने पॅसेजमध्ये डोकावून सायकल जागेवर आहे ना, ते पाहून घेतलं.

"पहिल्या हाकेला!" तो म्हणाला. "शब्द देतो!"

त्याची परीक्षा स्टेशनवरच झाली. गार्डाने हात आडवा घातला. "एका गाडीत दोनच सायकली. एक आधीच आत आहे."

"मग ही दुसरी!"

"बसायच्या जागा किती हिला?"

"दोन."

"म्हणजे झाल्या दोन. एकूण तीन."

"अहो, पण चाकं दोनच आहेत! चाकांवरून एकच होते की नाही?"

गार्ड विचारात पडला. पाठीमागून एनिड म्हणाली, "विल्फ, वाद घालू नकोस. पुढचं चाक काढ."

एरवी विल्फने गाडी सुटेपर्यंत वाद घातला असता. आज त्याने 'पुढचं' या शब्दालाच पाना हातात घेतला. चाक निघालं. गार्डाने सायकलीला एक प्रदक्षिणा घातली. "आता चाक एकच. म्हणजे अर्धी सायकल. घ्या आत."

"बघितलंस? पहिल्या हाकेला!" विल्फ डब्यात बसताना म्हणाला.

"हं. स्टेशनपासून पुढे सहा मैल आहेत अजून," एनिड म्हणाली.

थॉर्नसाइडचा रस्ता माळावरून जातो. मेंढ्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून मधे फाटकं. टँडेमवाल्यांचा रिवाज असा की फाटक आलं की मागच्याने उतरायचं, उघडायचं, पुढच्याने सायकल पलीकडे नेऊन पाय टेकून उभं राहायचं, मागच्याने फाटक लावून बसायचं आणि 'चल!' म्हणायचं. 'चल' आल्याशिवाय पुढच्याने हलायचं नाही. दोन फाटकं अशी छान पार पडली.

तिसऱ्या फाटकाची कडी गंजलेली होती. एनिड तिच्याशी झटत होती. विल्फ नजर समोर आणि कान मागे लावून, शर्यतीच्या घोड्यासारखा ताटकळत होता. आणि पाठीमागून खणखणीत बाईमाणसाचा आवाज आला, "चल!"

पहिली हाक! विल्फ सुटला!

मागे कोणी बसल्याचं जाणवलं नाही का, असं तुम्ही विचाराल. पुढे बसणाऱ्याला मागचं काहीच जाणवत नाही, हीच तर एनिडची एकेचाळीस वर्षांची तक्रार!

उलट त्याला भलताच आनंद झाला. चढावर सायकल लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. "एनिड, आज काय जोर लावते आहेस गं! अशी चालवलीस तर आपण संध्याकाळी स्कॉटलंडला पोचू!"

एनिड काहीच बोलली नाही. किती वर्षांनी ती इतकं शांतपणे ऐकत होती! विल्फचं मन भरून आलं. भरलेलं मन सांडतंच. "एनिड, आज सांगूनच टाकतो. तुझ्या आईची ती निळी किटली मांजरानं नाही फोडली. मी फोडली. मांजराला बिचाऱ्याला उगाच आठवडाभर शेडमध्ये ठेवलं आपण." मागे शांतता. "रागावली नाहीस? देवमाणूस आहेस तू!"

पहिल्या वस्तीत कुंपण कापणारा एक म्हातारा ओरडला, "अहो, मागची पेडल मारत नाहीये!"

आता, टँडेम निघाली आणि रस्त्यावरचा माणूस हे वाक्य बोलला नाही, असं या देशात सायकलीचा शोध लागल्यापासून झालेलं नाही. प्रत्येकाला वाटतं, हा विनोद आपल्यालाच सुचला. विल्फकडे त्यावर ठरलेलं उत्तर होतं. "राणी आहे हो ती! राणी कुठे राबते!"

"पण मागे कुणी नाहीच!"

"तिला ऐकू जाईल हं!" विल्फ हसत पुढे गेला.

पुढे पोस्टाच्या दारातली बाई दोन्ही हात हलवत किंचाळली, "बायको! तुमची बायको!"

"हो, माझीच!" विल्फ अभिमानाने ओरडला. "एकेचाळीस वर्षं झाली!"

थॉर्नसाइडच्या सभागृहासमोर सगळं मंडळ ओळीने उभं होतं. सिरिल कॅमेरा रोखून तयार होता. विल्फ ऐटीत थांबला, सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान न वळवता म्हणाला, "उतर एनिड, सावकाश. घाई नाही."

कोणी उतरलं नाही. फक्त कोणाच्या तरी बशीत चमचा वाजला.

"विल्फ्रेड," सिरिलने कॅमेरा खाली केला. "एनिड कुठे आहे?"

"मागे."

"मागे, पण किती मागे?"

विल्फने मान वळवली. मागच्या सीटवर एक माशी बसली होती.

त्याने घाबरून सायकल उलटी फिरवायला घेतली. पण आठ फुटी टँडेम अरुंद रस्त्यात वळवायची म्हणजे पॅसेजमध्ये गाय वळवायची. अर्धी वळते न वळते तोच मेंढ्यांची एक गाडी येऊन थांबली. पुढे चालवायला एक धिप्पाड मेंढपाळीण आणि तिच्या शेजारी तिचा कुत्रा. मागे सात मेंढ्यांमध्ये, केसांत गवत अडकलेली एनिड.

"पहिल्या हाकेला ऐकणार होतास ना?" एनिड वरूनच गरजली. "तीन हाका मारल्या! तीन!"

"अगं, पण मी ऐकलं!" विल्फ रडकुंडीला आला. "तू 'चल' म्हणालीस, मी निघालो! त्याच क्षणी! पहिल्याच हाकेला!"

"मी कुठे म्हणाले? मी कडीशी झगडत होते!"

गाडीतली बाई खाकरली. "ते मी म्हणाले हो. या फ्लॉसला. मेंढ्या वळवायच्या होत्या." तिने कुत्र्याकडे कौतुकाने पाहिलं. "पण खरं सांगू? याच्याआधी तुमचे हे सुटले."

आधी सिरिल हसला. मग सगळं मंडळ. एनिडने हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण शेवटी ती मेंढीच्या गळ्यात हात टाकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे एकेचाळीस वर्षं माझंच चुकलं!" ती म्हणाली. "मी माणसासारखं सांगत बसले!"

"मग सायकलीचं काय?" सिरिलने हळूच विचारलं. विल्फने डोळे मिटले.

"सायकल द्यायची नाही," एनिड म्हणाली. "पण पुढची सीट दोन इंच खाली कर, सिरिल. जाताना मी पुढे बसणार आहे."

चषक मिळाला. भाषण झालं नाही. संध्याकाळी मंडळी स्टेशनकडे निघाली, तेव्हा विल्फला मागून कळलं की मागे बसल्यावर जग म्हणजे एक फुलाफुलांचं जाकीट असतं.

"वाटेत मघाशी बडबडत होतास म्हणे," जाकीट म्हणालं. "पोस्टातली बाई सांगत होती. काय सांगत होतास मला?"

"हवापाण्याचं," विल्फ म्हणाला आणि निमूट पेडल मारू लागला.

ते गंजलेल्या कडीचं फाटक आलं. रिवाजाप्रमाणे विल्फ उतरला. त्याने फाटक उघडलं, एनिडने ऐटीत सायकल पलीकडे नेली. दूर उतारावर मेंढपाळीण फ्लॉसला घेऊन उभी दिसत होती. विल्फने कडीला हात घातला, मग काढून घेतला, आणि आधी तिच्याकडे हात जोडून ओरडला,

"ओ बाई! एवढी कडी लागेपर्यंत जरा गप्प राहाल का?"