ओट्याला हळद वर्ज्य

ज्या वस्तूचा रोज उपयोग होतो तिला समाजात प्रतिष्ठा मिळत नाही, हे सत्य लातूरच्या गुंडप्पा आडत्यांच्या घराला यंदा उमगलं. त्यांचे चिरंजीव रुद्रेश पुण्याला मित्राकडे जेवून आले आणि म्हणाले, "अप्पा, आपल्याला बी आउटडोअर किचन पाहिजे." वास्तविक त्यांच्या मातोश्री उमाबाईंची चूल अंगणातच होती आणि तिच्यावर ज्वारीची भाकरी टम्म फुगत होती. पण चुलीला आउटडोअर किचन म्हणत नाहीत, कारण तिच्यावर स्वयंपाक होतो.

सबब, चूल पाडून त्याच जागी काँक्रीटचा ओटा घालण्याचे ठरले. रामलिंग मिस्त्रींनी सेंटरिंग ठोकलं, सळया बांधल्या, माल ओतला आणि ओल्या पोत्यांखाली ओटा निजवला. टँकरच्या दिवसांत घरची माणसं तांब्याभर पाण्यात उरकत होती. ओट्याला मात्र सकाळ-संध्याकाळ आंघोळ होती. (गुंडप्पांनी एकदा पोतं पांघरून त्याच्या शेजारी पडून पाहिलं. रुद्रेशनी ओळखलं.)

मग घोटाई झाली, ओट्यात तोंड दिसू लागलं आणि नियमावली तोंडी जारी झाली. ओट्यावर हळद सांडू नये. लिंबू कापू नये. तेलाचा हात लावू नये. गरम भांडं ठेवू नये, थंडही शक्यतो टाळावं. या व्यतिरिक्त स्वयंपाकास कोणतीही हरकत नाही.

उद्घाटनाला चाकूरचे सोयरे आले. जंगम स्वामी विभूती लावायला पुढे झाले, तर रुद्रेश ओट्यावर आडवे पडले. "स्वामी, डाग पडंल!" अखेर ओट्याच्या वतीने विभूती रुद्रेशच्या कपाळाला लावण्यात आली. ऐंशी टक्के पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या वीस टक्क्यांनी जेवण कधी, असं विचारलं.

वांग्याची भाजी आत गॅसवर झाली होती. अडलं भाकरीवर. पाहुणे ताटं मांडून बसलेले, आणि उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं न्हाई. उभ्यानं भाकर थापता येती का रं रुद्र्या? माझी चूल कुठं हाय?"

चूल जिथं होती तिथं ओटा होता. उमाबाईंनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि ओट्यावर चढून मांडी घातली. गुंडप्पांनी आयुष्यात प्रथमच बायकोनं न सांगता तिला मदत केली: तीन विटा, तवा, पिठाची काठवट आणि जाळायला तुराट्या वर दिल्या. जाळ झाला. जागा तीच, फक्त उंची वाढली. विकास म्हणतात तो हाच.

"अव्वा, उतर की!" रुद्रेश कळवळले.

"चूल बांधून दे, उतरते."

भाकऱ्या वरून थेट ताटात पडू लागल्या. "लई भारी ओटा हाय," चाकूरकर तोंड भरून म्हणाले. "वाढायला वाकावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओट्याशेजारी चूल बांधली गेली. ओट्यावरचा काळा गोल काही जाईना, म्हणून रुद्रेशनी त्यावर प्लास्टिक अंथरलं. आता कुणी आलं की ते एक कोपरा उचलून ओटा दाखवतात, पुन्हा झाकतात, आणि मग सगळे चुलीपाशी जेवायला बसतात.

तुम्ही हसताय. खुशाल हसा, फक्त बेतानं. ज्या सोफ्यावर बसलाय त्याचं दुकानातलं प्लास्टिक तुम्ही अजून काढलेलं नाही, घसराल.