बाविसाव्या मिनिटाचा खड्डा

वसाहतीला रस्ते, नळ आणि दिवे मिळाले की सुसंस्कृत होण्याची एकच पायरी उरते : वाढदिवसाला घरी केलेला तीन थरांचा केक. वाशीतल्या त्या चार मजली इमारतीने ही पायरी १९८२ साली गाठली. बिऱ्हाडं सोळा, केक करायला उत्सुक गृहिणी सोळा, गोल ओव्हन एक (तोही शेजारच्या वैशालीने माहेरून आणलेला).

जयमाला रसायनशास्त्राची पदवीधर. मुलीच्या, शलाकाच्या, पाचव्या वाढदिवसाला तिने मैदा तोलून घेतला, सोडा मोजला, दर थराला पस्तीस मिनिटं ठरवली. पहिले दोन थर शिस्तीत फुगले. तिसऱ्याच्या बाविसाव्या मिनिटाला वीज गेली. पाऊण तासाने आली तेव्हा थराच्या मधोमध बशीएवढा खड्डा होता आणि पाच वाजता वीस मुलं यायची होती. हा थर खाली ठेवला तर वरचे दोन कोलमडणार, हे शास्त्र. म्हणून जयमालाने तो वर ठेवला आणि खड्ड्यात जाम ओतला.

पाहुणे थक्क झाले. जयमालाने खरं कारण तीनदा सांगितलं. तो तिचा विनय मानण्यात आला. पंधरा वह्यांत कृती उतरली : 'तिसरा थर. बाविसाव्या मिनिटाला बटण बंद. पाऊण तास थांबणे. पुन्हा तेरा मिनिटं.' वर्षभरात चौदा केक झाले. तेरा खड्डे पडले. (चौदाव्या घरी यजमानांनी न विचारता बटण चालू केलं. त्यांना आता स्वयंपाकघरात मज्जाव आहे.) दीड इंच खोली म्हणजे हात बसलेला, एक इंच म्हणजे प्रयत्न चांगला.

गावातून अंडी घेऊन येणाऱ्या शेवंताबाईंनी वैशालीचा केक पाहून विचारलं, "लाइट गेली व्हती का गो बाय?"

"नाही हो. ही पद्धत आहे."

"मंग बरा हाय," म्हणून त्यांनी टोपली उचलली.

शलाकाच्या सहाव्या वाढदिवशी मात्र जयमालाने ठरवलं, यंदा केक जसा व्हायला हवा तसाच करायचा. वीजही दिवसभर टिकली. तिन्ही थर सपाट, ताठ, बिनचूक.

बायकांनी केक वाकून पाहिला. वैशालीने जयमालाच्या पाठीवर हात ठेवला. "होतं गं असं कधी कधी. टेन्शन घेऊ नकोस."

शलाकाने केककडे पाहिलं, मग मैत्रिणींकडे. "आई, सगळ्यांचा झाला. माझाच का नाही झाला?"

जयमाला केक घेऊन आत गेली आणि डावेने मधोमध दीड इंच खड्डा कोरून आली. टाळ्या झाल्या. (कोरलेला भाग तिने दाराआड उभं राहून खाल्ला. उत्तम झाला होता.)

वाचकांनी हसायला हरकत नाही. हसून झाल्यावर आपल्या आईची वही उघडावी, आणि 'इथे दहा मिनिटं थांबणे' असं जिथे लिहिलं असेल, तिथे आपण इतकी वर्षं का थांबतो, याचा विचार करावा. (वेळ आहेच, दहा मिनिटं.)